तुम्ही विचारलंत म्हणून: अल्बर्ट किंगचे बेंड आपल्या गिटारवर का येत नाहीत?

बेंड म्हणजे दाबलेली तार बाजूला सरकवून सूर वर चढवणं. अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग त्यासाठीच ओळखला जातो, आणि ब्लूज शिकणारी मंडळी हा प्रश्न वारंवार विचारतात. सोलो उतरवून घेतला, फ्रेट (गिटारचे पडदे) बरोबर, सूर बरोबर, काहींनी तर त्याच्यासारखी व्ही आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ गिटारसुद्धा घेतली. तरी अल्बर्ट किंगचा तो खेचून आणलेला, रडवेला सूर निघत नाही. मग चुकतंय कुठे? बहुतेकांचं उत्तर एकच आहे: जी तार तुम्ही ढकलता, ती तो ओढत होता.

अल्बर्ट डावखुरा. उजव्या हाताची गिटार त्याने उलटी धरली आणि तारा होत्या तशाच ठेवल्या. म्हणजे जाडी तार जमिनीकडे आणि सर्वांत बारीक तार छताकडे. इथे जिमी हेंड्रिक्सशी गल्लत होते. हेंड्रिक्सही उलटी गिटार धरायचा, पण तारा काढून पुन्हा नेहमीच्या क्रमाने लावायचा. अल्बर्टच्या पंगतीत बसतो तो शिकागोचा ओटिस रश.

आपण पहिल्या तारेवर बेंड घेतो तेव्हा तार वर, छताकडे ढकलतो. अल्बर्ट तीच तार खाली, स्वतःच्या तळव्याकडे ओढायचा. फ्रेटबोर्डवर तार सरकते त्याच बाजूला, बाकीच्या तारांकडे. फरक फक्त स्नायूंचा. भरलेला हंडा उचलताना बोटं मिटतात ती ताकद वेगळी, आणि बोटांच्या टोकांनी काही ढकलायची ताकद वेगळी. त्यात हा माणूस सहा फूट चार इंचांहून कमी नव्हता, आणि संगीतावर पोट भरत नव्हतं तेव्हा त्याने बुलडोझरही चालवला होता. ‘मखमली बुलडोझर’ हे त्याचं टोपणनाव तिथलंच. आपल्याकडे ही गोष्ट सतारियांना समजावून सांगावी लागत नाही. सतारीवर मींड ओढूनच घेतात आणि परद्यावर त्यासाठी जागा राखलेली असते.

मग उजव्या हाताने वाजवणाऱ्याने पहिली तार खाली ओढावी का? नाही. ती फ्रेटबोर्डवरून घसरून बाहेर जाईल. तिसऱ्या-चौथ्या तारेवर ओढता येतं, पहिल्या दोन तारांवर ढकलणंच भाग आहे. म्हणून ढकलणं सोपं कसं होईल ते पाहू.

पहिला उपाय ट्यूनिंगचा. अल्बर्ट नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा खाली लावायचा. नेमकं कसं, याच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. जवळून पाहिलेल्यांनीही वेगवेगळी ट्यूनिंग लिहून ठेवली आहेत. त्या वादात पडू नका. सहाही तारा दोन फ्रेटांएवढ्या उतरवा, काम होतं. हिशेब असा: २५.५ इंच स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर ०.०१० इंचाची पहिली तार ‘ई’ सुराला लावली की तिच्यावर सुमारे ७.३ किलोंचा ताण असतो. ‘डी’ला उतरवली की ५.८ किलो. चार फ्रेटांएवढा बेंड घ्यायचा तर ताण सुमारे १.६ पट व्हावा लागतो. ‘ई’ला तो ११.६ किलोंपर्यंत जातो, आणि तिथे बोट सोलतं किंवा तार तुटते. ‘डी’ला ९.२ किलोंत भागतं. फ्लाइंग व्हीची स्केल २४.७५ इंच, त्यामुळे तिथे ताण आणखी सहा टक्क्यांनी कमी.

आता बोटं. दुसऱ्या तारेचा १०वा फ्रेट सा धरा. पहिल्या तारेवर ८व्याला कोमल गंधार, १०व्याला मध्यम. दुसरीवर ८व्याला कोमल निषाद. तिसरीवर ९व्याला पंचम. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडचे लोक याला धानी म्हणतील. अल्बर्टच्या सोलोंचा केवढा तरी भाग या एवढ्याशा जागेत होतो. अनामिका पहिल्या तारेच्या १०व्या फ्रेटवर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्यामागे त्याच तारेवर. तर्जनीचं मूळ गिटारच्या गळ्याच्या खालच्या कडेला टेकवा, अंगठा वरून येऊ द्या आणि किल्ली फिरवावी तसा हात कोपरापासून फिरवा. नुसत्या बोटांनी ढकलाल तर आठवडाभरात मनगट दुखू लागेल आणि सूर कायम थोडा खाली राहील.

मध्यमावरून आधी पंचम गाठा, दोन फ्रेट. १२वा फ्रेट दाबून खरा पंचम ऐका आणि ताडून पाहा. तो दहापैकी दहा वेळा लागल्यावरच पुढे शुद्ध धैवतापर्यंत, चार फ्रेट. खरी गंमत मात्र ८व्या फ्रेटवरच्या गंधारात आहे. त्याला शुद्ध गंधारापर्यंत न्यायचं नाही, जरासं वाकवून दोहोंच्या मध्ये सोडायचं. शिकणारे सगळ्यांत जास्त चुकतात ते इथे, कारण मोठा बेंड दिसतो आणि हा दिसत नाही.

तार वाकवताना ‘टिंग’ असा आवाज आला आणि सोडल्यावर ती उतरलेली निघाली, तर दोष नटचा, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीचा: खाचेत तार अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. बेंडच्या मध्येच सूर मरत असेल तर फ्रेटबोर्ड फार गोलाकार आहे किंवा तारा फार खाली आहेत. १२व्या फ्रेटवर पहिली तार दोन मिलिमीटरपर्यंत उचला.

उजव्या हातातला पिक (तार छेडायची चकती) ठेवून द्या. अल्बर्ट अंगठ्याने वाजवायचा. मांसल अंगठ्याने सूर जाड निघतो आणि हळू-जोरात यांतला फरक बोटात राहतो. डिस्टॉर्शनचा पेडल लावून ही जाडी येत नाही. सत्तरच्या दशकात तो अकूस्टिक कंपनीचा ट्रान्झिस्टरचा अँप वापरायचा, म्हणजे आवाज मोठा पण फाटलेला नाही.

इथवर हाताचं झालं. पण हात तयार झाला तरी सोलो अल्बर्टचा वाटत नाही, याचं कारण बँडमध्ये आहे, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९२३ साली जन्मलेला अल्बर्ट नेल्सन कापसाच्या शेतात राबत मोठा झाला. किंग हे नाव त्याने पुढे घेतलं, बी. बी. किंग किंवा फ्रेडी किंगशी रक्ताचं नातं नाही. अर्कान्सातल्या ओसिओला गावात ‘इन द ग्रूव्ह बॉइज’, मग इंडियानातल्या गॅरीत जिमी रीडच्या मागे ड्रम, १९५३ साली शिकागोच्या पॅरट कंपनीसाठी पहिली रेकॉर्ड, पुढे सेंट लुईस. १९६१ साली एक गाणं राष्ट्रीय यादीत चढलं. तरी खरं नाव झालं ते १९६६ नंतर, मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत, त्रेचाळिशीत.

स्टॅक्सने त्याला जो ताफा दिला त्यात बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर आणि सोबत ब्रासवाले. हे लोक सोल संगीताचे. ते भरत नाहीत, जागा सोडतात. ‘क्रॉसकट सॉ’ हे जुनं गाणं, १९४१ साली टॉमी मॅक्लेननने गायलेलं. अल जॅक्सनने त्याखाली क्युबन चालीचा ठेका घातला आणि गिटारला फक्त उत्तर द्यायचं काम उरलं. ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ (१९६७, बुकर टी. आणि विल्यम बेल यांचं) मध्ये खालची ओळ हटत नाही. अल्बर्ट एक ओळ गातो, थांबतो, गिटारवर चार सूर देतो, पुन्हा थांबतो. एरिक क्लॅप्टनने त्याच वर्षी आपल्या क्रीम या बँडच्या ‘स्ट्रेंज ब्रू’मध्ये अल्बर्टचा सोलो जवळजवळ जसाच्या तसा घेतला, ऐकताना लक्ष द्या, मागचा बँड बदलला की तेच सूर किती वेगळे लागतात.

म्हणून सरावाला बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) संथ ट्रॅक लावा. प्रत्येक चार बारांपैकी पहिले दोन गा, नाहीतर नुसतं गुणगुणा. वाजवायचं फक्त उरलेल्या दोनांत, आणि त्यातही शेवटचा अर्धा बार रिकामा.

आणि ढकलून हे जमतच नाही असं मनात धरू नका. ६ डिसेंबर १९८३ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत साठीचा अल्बर्ट आणि २९ वर्षांचा स्टीव्ही रे व्हॉन एकत्र वाजवायला बसले. व्हॉन उजव्या हाताचा, ०.०१३ इंचापासूनच्या जाड तारा एक फ्रेट उतरवून लावणारा. त्या रेकॉर्डिंगमध्ये एकाच फ्रेजला एक ओढतो, दुसरा ढकलतो. डोळे मिटून ऐका आणि कुठला सूर कोणाचा ते ओळखा. बहुतेक वेळा तो आधी कोण थांबतं त्यावरून कळतो.