डाग किती?

शाळेत एकदा विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला होता : ‘कपड्यांवरील डाग कसे काढाल?’ मी लिंबू, मीठ, ऊन वगैरे लिहून आलो. पण खरं उत्तर मला वेगळंच सुचलं होतं. बिल्टी (माल पाठवल्याची पावती) दाखवायची, हमाली भरायची आणि डाग सोडवून घरी न्यायचे.

आमच्या घरात डाग म्हणजे सामानाचा नग. वडील सांगलीत, गणपती पेठेत, एका हुंडेकऱ्याकडं दिवाणजी होते. पाहुणे दारात आले की आई पाण्याचा तांब्या आणायला आत वळायची आणि वडील विचारायचे, “डाग किती?” एक ट्रंक, एक वळकटी, एक फणस : तीन डाग. मोजून घरात घ्यायचे, जाताना मोजून बाहेर काढायचे. फणस तोवर सगळ्यांच्या पोटात गेलेला असल्यामुळं परतीचा हिशेब दोनवर यायचा, आणि वडील क्षणभर अस्वस्थ व्हायचे, असं आईचं म्हणणं.

हुंडेकरी हा शब्द आता आडनावापुरता उरलाय. यातला हुंडा लग्नातला नव्हे. हुंडा म्हणजे उक्तं, ठोक. वाटेतल्या जकाती, पट्ट्या, हमाली सगळं धरून एकच रक्कम ठरवायची आणि माल पोचता करायचा, हा हुंडेकऱ्याचा धंदा, बैलांच्या काळापासूनचा. पुढं ट्रक आले, पाट्यांवर ‘ट्रान्सपोर्ट’ आलं, तरी पेठेतले जुने व्यापारी ‘हुंडेकऱ्याकडं टाक’ असंच म्हणायचे.

रेल्वे असताना ट्रक कशाला, हा प्रश्न मी लहानपणी वडिलांना विचारला होता. त्यांनी दोन पट्ट्या टेबलावर ठेवून समजावलं. मिरज ते पुणे मीटरगेज, पुणे ते मुंबई ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईला निघालेलं प्रत्येक पोतं पुण्यात एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, काढून दुसरीत भरायचं. दर वेळी पोत्याला हमालाचा हूक बसणार, आणि हूक बसला की हळकुंडं गळणार. मुंबईचा व्यापारी वजन करून तूट कापणार ती वेगळीच. १९७० नंतर आमच्याकडचे रूळ रुंद झाले, पण तोवर पेठेला ट्रकची सवय लागली होती. संध्याकाळी आमच्या ओट्यावर भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी मस्जिद बंदरला व्यापाऱ्याच्या दारात. मधे हूक नाही.

मालकांनी पहिली गाडी मालकिणीच्या अंगावरचे डाग मोडून घेतली होती. (दागिन्यालाही आमच्याकडं डागच म्हणतात. धंद्यातल्या सगळ्या जोखमीच्या वस्तू या एकाच शब्दात बसायच्या.) आणि ती गाडी मर्सिडीज होती. खोटं नाही. टाटांच्या टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या नाकावर तोच तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ साली करार संपला, ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. आमच्या मालकांनी मात्र तारा काढला नाही, दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. आज कुणी मर्सिडीज दाखवली की मला तिच्या हौद्यातून पोती उतरताना दिसतात.

ऑफिस म्हणजे एक लांबलचक, अंधारा गाळा. रस्त्याकडचा ओटा मुद्दाम ट्रकच्या हौद्याच्या उंचीचा बांधलेला. गाडी मागं घेऊन फाळका पाडला की ओटा आणि हौदा एक व्हायचा. आत हळद, गूळ, बारदान आणि डिझेल यांचा मिळून एक वास होता. त्यातला कुठलाही एक वास आला तरी बाकीचे तीन मागून येतात, अजूनही. हळदीची भुकटी सगळीकडं. किर्दीच्या कडा पिवळ्या, भिंतीवरचं कॅलेंडर पिवळं, हमालांच्या भुवया पिवळ्या. त्यांचा मुकादम मिश्कील माणूस होता. हंगामात दर दोन दिवसांनी त्याचं ठरलेलं वाक्य, “दिवाणजी, आमची हळद काय उतरत न्हाई. लगीन कवा लावताय?” त्याला तीन मुलं होती.

संध्याकाळी वडिलांचा चहा घेऊन जायचं काम माझं. जायचं चहासाठी, थांबायचं भरती बघायला. भरती ही कला आहे हे मी शपथेवर सांगू शकतो. गोणपाटाचं एक कोपर दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ डोक्यावरून पाठीवर सोडलेली, कमरेत वाकलेला माणूस, आणि त्याच्या पाठीवर दोघांनी मिळून ठेवलेलं साखरेचं शंभर किलोचं पोतं. तो चालायचा नाही, छोट्या छोट्या पावलांनी पळायचा. थांबलं की वजन वाढतं, असं मुकादम सांगायचा. खाली साखर, गूळ, वर हळद, त्याच्यावर बेदाण्याची खोकी, आणि कापडाची गाठ चुकूनही हळदीशेजारी नाही. तिला डाग लागला तर डाग परत. सगळ्यात शेवटी ताडपत्री आणि दोर. दोराची शेवटची गाठ मुकादम स्वतः मारायचा आणि हौद्यावर थाप द्यायचा, म्हशीला द्यावी तशी.

याच लोकांसाठी मुंबईत १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, हे मला फार उशिरा, पुस्तकातून कळलं. आमच्या ड्रायव्हरमामांना त्यातली एकच गोष्ट ठाऊक होती. पुण्यात हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ आहे आणि तिथला झुणका पोटाला बरा असतो.

आता बिल्टीबद्दल. बिल्टीच्या पुस्तकात एकाखाली एक चार प्रती : एक माल पाठवणाऱ्याला, एक ड्रायव्हरला, एक जकात नाक्याला, आणि शेवटची पुस्तकातच राहायची. वर ‘पेड’ की ‘टू-पे’, म्हणजे भाडं कोण देणार ते. मग पाठवणारा, घेणारा, डाग, वजन, मार्का. मार्का म्हणजे पोत्यावरची खूण, पत्र्याच्या छाप्यातून काळ्या रंगानं मारलेली : त्रिकोणात ‘श’, गोलात चांदणी, नुसतेच दोन मासे. हमालांपैकी बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती, पण दोन मासे कोणत्या पेढीचे हे अंधारातही कळायचं. तळाला इंग्रजीत बारीक अक्षरांत ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलेलं. मी विचारलं, हरवलं तर आपण द्यायचं नाही? वडील म्हणाले, “छापायचं असतं ते. द्यायचंही असतं.” १८६५ सालचा कॅरियर्स कायदाही साधारण हेच म्हणत होता : हलगर्जीपणानं माल गेला तर नुसतं छापून सुटका नाही. वडिलांनी तो कायदा वाचला असेल असं वाटत नाही. पेठेत तोंड दाखवायचं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

माझं अक्षर बरं म्हणून सातवीच्या सुट्टीत वडील मला बिल्ट्या लिहायला बसवू लागले. हमाल मला ‘धाकलं दिवाणजी’ म्हणत, आणि त्या हवेतच तो प्रकार घडला. प्रतींच्या मधले कार्बन मी उलटे घातले. जोर लावून, जीभ बाहेर काढून, बावीस डागांची बिल्टी लिहिली, वरची प्रत व्यापाऱ्याच्या नोकराच्या हातात दिली, आतल्या दोन न बघता फाडून ड्रायव्हरमामांच्या स्वाधीन केल्या. गाडी गेली. रात्री वडिलांनी पुस्तक उघडलं तर चौथी प्रत कोरी. त्यांनी ती उलटून पाहिली, कार्बन उलटून पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं. बोलले काहीच नाहीत. जेवलेही नाहीत.

मामा तिसऱ्या दिवशी परत आले आणि ओट्यावर बसून त्यांनी गोष्ट सांगितली. मानखुर्दच्या नाक्यावर पहाटे कारकुनानं बिल्टी घेतली, पुढून पाहिली तर कोरी, मागून पाहिली तर उर्दूसारखं काहीतरी. “ही कुठली भाषा?” मामा म्हणाले, “सांगलीची.” कारकून भला होता. त्यानं बिल्टी हातात घेतली, खाली उतरला, गाडीच्या बाजूच्या आरशासमोर धरली आणि हळदीची बावीस पोती, वजन, मार्का, सगळं आरशात बघून वहीत उतरवून घेतलं. मामा बॅटरी धरून उभे. मागं गाड्यांची रांग, हॉर्न. काम झाल्यावर कारकून एवढंच म्हणाला म्हणे, “अक्षर चांगलं आहे हो.”

ते वाक्य मामांनी माझ्यासाठी घातलं असावं असा मला आता संशय येतो. पण वडील त्या दिवशी पोटभर जेवले.

मामा म्हणजे आमच्या पेठेचं टपालखातंही होतं. मुंबईला ट्रंककॉल लावायचा तर नंबर नोंदवून तासन् तास बसावं लागायचं. त्यापेक्षा मामा बरे. “दाणाबंदरच्या शेठला सांगा, भाव धरून ठेवा.” “परळच्या मेव्हण्याला हे लोणचं द्या.” भावाच्या ऑपरेशनचे पैसे, मुलीची पत्रिका, मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी. यातलं काहीच बिल्टीवर चढत नसे. वडील मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे : लोणचं, १ डाग. चिठ्ठी, १ डाग.

वाट ठरलेली : आष्टा, इस्लामपूर, पेठनाक्याला हायवे, मग कराड, सातारा, आणि खंबाटकी. बोगदा नव्हता तेव्हा. पुण्याकडं जाणाऱ्या भरल्या गाड्याही घाटानंच चढायच्या, पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीनं. म्हणून किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, खरोखरच चालत असे. मोठा दगड हातात घेऊन मागच्या चाकाच्या बरोबरीनं. गाडी दमली, मागं सरकू लागली की चाकाखाली दगड. सगळा घाट एकाच दगडावर, पुन्हा पुन्हा उचलून. आमचा किन्नर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. त्यानं आवडीचा दगड केबिनमध्येच ठेवला होता. घाटात ऐन वेळेला चांगला दगड मिळत नाही, म्हणायचा. एकदा दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर त्यानं त्या दगडालाही हळदकुंकू वाहिलेलं मी पाहिलं आहे.

या सगळ्याचं पुढं काय झालं ते थोडक्यात. हळदीचा बाजार पेठेतून मार्केट यार्डात गेला. मुंबईतले मसाल्याचे व्यापारी वाशीला गेले. मालक म्हातारे झाले, मुलं पुण्यात नोकरीला लागली. वडील निवृत्त झाले ते गाळा बंद झाला म्हणून, वय झालं म्हणून नव्हे. २०१३ पर्यंत मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांची जकात गेली, २०१७ साली जीएसटीबरोबर मुंबईचीही. ती बातमी वडिलांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, “मग नाक्यावरची माणसं आता काय करतील?” जकातीला उभा जन्म शिव्या घातलेल्या माणसाचं हे वाक्य. बिल्ट्यांची जुनी पुस्तकं गाळ्याच्या पोटमाळ्यावर होती. २००५ च्या पुरात खालचा थर गेला, २०१९ च्या पुरात उरलेला. हरिपूरची हळदीची पेवंही (जमिनीखालची कोठारं) २००५ च्या पाण्यात गेली, तेव्हा वडिलांनी पुस्तकांबद्दल हळहळ करायची नाही असं ठरवलेलं दिसलं. पिवळा लगदा त्यांनी स्वतः टोपलीनं बाहेर काढला. किती टोपल्या झाल्या ते मोजलं.

मागच्या वर्षी पुण्याहून सांगलीला सामान पाठवायचं होतं. आईचं जुनं कपाट, शिवणयंत्र, दोन ट्रंका. मोबाइलवर नोंदणी केली, सांगितलेल्या वेळी टेम्पो आला, पोरांनी हातमोजे घातले होते. बरोबर हातात टॅब घेतलेला एक मुलगा, लातूरकडचा. नम्र होता. ई-वे बिल लागेल का, घरगुती सामान म्हणजे नाही, वगैरे त्याचं त्यानंच बघितलं. मला काही लिहावं लागलं नाही.

“काका, टोटल किती?”

“चार डाग,” मी म्हणालो.

त्यानं कपाटाला एक फेरी मारली. ट्रंका वाकून पाहिल्या. शिवणयंत्राच्या लाकडी फळीवरून बोट फिरवलं. मग टॅबवर काहीतरी भरून माझ्यापुढं सहीला धरला. मी चष्मा लावून वाचलं. सामानाच्या स्थितीच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : ‘आधीपासून डाग आहेत. चार.’

मी सही केली.