अंतराळात हवा नाही, मग पंख कशाला?

कथा छापून आली की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच. परवा रंकाळ्यावर एका निवृत्त मास्तरांनी गाठलं. "गोष्ट झकास आहे हो, पण अंतराळात हवाच नाही, मग तुमच्या यानाला पंख कशाला? चुकलंय न्हवं?"

आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. चुकलेलं नाही. ते उडायचे पंख नव्हेत, उष्णता बाहेर टाकायचे आहेत.

माझं 'पंचगंगा' यान ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ (हलका हेलियम) यांच्या संमीलनावर, म्हणजे त्यांची अणुकेंद्रकं जुळताना सुटणाऱ्या ऊर्जेवर चालतं. या जोडीतून निघणारे बहुतेक कण विद्युतभारित असतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रानं वळवून ते मागं फेकता येतात. कण मागं, यान पुढं. इथवर वाचक बिनतक्रार येतो.

माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात झाली. तिथल्या इंडक्शन फर्नेसची (लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीची) कॉइल म्हणजे तांब्याची पोकळ नळी, तिच्यातून सतत पाणी खेळतं. आत चौदाशे अंशांचं लोखंड, मध्ये जेमतेम चार बोटं लायनिंग (उष्णता सोसणारा थर), आणि पलीकडे हे तांबं, जे १०८५ अंशांना वितळतं. एका रात्री लाइट गेली. भट्टी बंद पडली, पण लोखंड थोडंच गार होतंय! पंपही बंद. आमचा फर्नेसवाला अंधारात धावत गेला आणि वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. पाण्याचा आवाज कानावर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

इंजिन सुचायला मला एक दुपार लागली. ते गार कसं ठेवायचं, यात दोन वर्षं गेली.

लोकांना वाटतं, अंतराळात कडाक्याची थंडी, यान आपोआप गार होईल. उलट आहे. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढलेली असते, म्हणून चहा गरम राहतो. यान तर अख्खं थर्मासात बसलंय. ना वारा, ना पाणी. उष्णतेला बाहेर पडायला प्रारणाची, म्हणजे किरणांच्या रूपात निसटायची एकच वाट.

हिशेब असा. इंजिनाची शक्ती दहा लाख मेगावॅट धरली. त्यातली एक टक्का यानात मुरली (एकच टक्का, हा माझा भाबडेपणा), तरी १०,००० मेगावॅट झाली. पंख २७ अंशांवर ठेवले तर दोन्ही बाजू धरूनही साधारण २,७०० एकर पत्रा लागतो. ७२७ अंशांवर ठेवले तर २२ एकरांत भागतं, कारण निरपेक्ष तापमान (उणे २७३ अंशांना शून्य धरून मोजलेलं) दुप्पट केलं की प्रारण सोळापट होतं. म्हणून 'पंचगंगा'चे पंख काळपट लाल दिसतात. तो रंग मी कल्पनेतून आणलेला नाही, रोज बघितलेला आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकालाही असे पंख आहेत. फोटोत सौर पट्ट्यांजवळ पांढरे पत्रे दिसतात ते. त्यांच्या नळ्यांतून अमोनिया फिरतो.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि तुमची लाइट गेली तर?"

मी गप्प. फौंड्रीतली टाकी उंचावर होती, म्हणून पाणी आपसूक खाली आलं. इंजिन थांबलेल्या यानात वर कुठलं आणि खाली कुठलं? पुढची कथा तिथंच अडकून पडली आहे.