ळ हा ह नंतर येतो : पोस्टग्रेसची १८ वी आवृत्ती आणि आमची सभासद यादी

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची १८ वी आवृत्ती २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला १३ व्या आवृत्तीची पाच वर्षांची देखभाल संपली. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मिळून सहा शाखा असलेल्या ज्या सहकारी पतसंस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो, ती १३ व्याच आवृत्तीवर होती. त्यामुळे नवी आवृत्ती घ्यायची की नाही हा प्रश्न उरलाच नव्हता. ती कोणत्या वाटेने घ्यायची, एवढेच ठरवायचे होते.

या आवृत्तीची सर्वाधिक चर्चा झाली ती डिस्कवरून वाचण्याच्या नव्या पद्धतीची. डेटा डिस्कवर छोट्या ठोकळ्यांत, म्हणजे पानांत, साठवलेला असतो. पूर्वी एक पान मागायचे, ते हाती येईपर्यंत थांबायचे आणि मग पुढचे मागायचे, असा क्रम होता. आता अनेक पानांची मागणी एकदम नोंदवून ठेवता येते. लिनक्सवर त्यासाठी एक खास सोय वापरता येते, पण मूळ व्यवस्था विंडोज आणि मॅकवरही चालते. मार्चअखेरीस सगळी खतावणी वाचून व्याज लावताना याचा उपयोग होईल असे मला वाटते. मात्र केवळ तेवढ्यासाठी मी रविवारचा दिवस मोडला नसता. मला ओढ होती ती अक्षरांच्या क्रमाची.

काही वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी सभासदांची यादी छापून नोटीस बोर्डावर लावली होती. एक निवृत्त गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून त्या यादीवरून बोट फिरवत उभे होते. मी जवळ जाताच त्यांनी तीन नावे दाखवली : काळे, काशीद, कासार. "हे बघ, मुळाक्षरांत ळ हा ह च्या नंतर येतो. काळे शेवटी यायला हवेत. ही यादी चुकलेली आहे." त्यांच्या स्वरात राग नव्हता, विद्यार्थ्याची वही तपासावी तसे ते बोलले, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते.

चूक कुठून आली हे शोधताना बरेच मागे जावे लागले. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे आणि तिच्यात ळ चे स्थान ल च्या लगेच पुढे आहे. अक्षरांच्या या क्रमांकांवरून नावे लावली, तर काळे हे काशीद यांच्या आधीच येणार. मराठी वर्णमालेप्रमाणे काशीद, कासार, काळे असा क्रम हवा असेल, तर मराठीची क्रमवारी स्वतंत्रपणे सांगावी लागते. तिला कोलेशन म्हणतात. आयसीयू नावाच्या तयार प्रोग्रॅम-संचातील अशी कोलेशने पोस्टग्रेसला २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून वापरता येतात आणि त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. आमच्याकडे प्रत्येक सभासदाचे नाव दोन्ही लिप्यांत नोंदवले जाते, म्हणून दोन्ही कोलेशनांची आम्हाला सारखीच गरज आहे.

क्रमवारी हा केवळ यादी छापण्यापुरता विषय आहे, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. तो समज सर्व्हर बदलला त्या आठवड्यात गेला. जुन्या यंत्रावरील डेटा जसाच्या तसा उचलून मी नव्या लिनक्सवर ठेवला, पोस्टग्रेसची आवृत्तीही तीच ठेवली आणि सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसले. तिसऱ्या दिवशी खानापूरकडच्या शाखेत एक वयस्कर सभासद पासबुक घेऊन काउंटरवर आले. क्लार्कने नाव टाकले, तर पडद्यावर "नोंद नाही". पासबुकावर शिक्का होता, पिग्मीचा भरणा आदल्या संध्याकाळपर्यंतचा होता, आणि संगणक मात्र त्या माणसाला ओळखत नव्हता. क्लार्कने प्रामाणिकपणे नवी नोंद उघडली आणि एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या.

कारण असे, की आमचा डेटाबेस नावांचा क्रम ऑपरेटिंग सिस्टीमला विचारत होता. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ प्रोग्रॅम-संचाच्या २०१८ मधील २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची, जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने चाललेला, म्हणजे शब्दकोशातील पाने कोणी मधूनच हलवावीत आणि आपण पूर्वीच्याच अंदाजाने ती उघडत राहावीत, असा तो प्रकार होता. डेटाबेसच्या मूळ क्रमवारीत असा फरक पडला, तर पोस्टग्रेस १५ व्या आवृत्तीपासून इशारा देतो. आमच्या १३ व्या आवृत्तीत तो नव्हता. सर्व इंडेक्स नव्याने बांधल्यावर शोध ताळ्यावर आला, पण दुबार नोंदी एकेक करून जुळवायला कितीतरी संध्याकाळ गेल्या. यंत्र बदलताना इंडेक्स पुन्हा बांधायला हवेत, हे मला माहीत असायला हवे होते.

म्हणून २०२४ मधील १७ व्या आवृत्तीत आलेली सोय मला फार मोलाची वाटते. तिच्यात क्रमवारीची एक साधी व्यवस्था पोस्टग्रेसच्या पोटातच बसवली गेली. ती अक्षरांच्या क्रमांकांवरून चालते, ऑपरेटिंग सिस्टीमला काही विचारत नाही, त्यामुळे मुख्य कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर आणि माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर एकच क्रम मिळतो. हा डेटाबेस सर्व प्रणालींवर चालतो असे आपण सहज म्हणतो, पण चालणे आणि सर्वत्र सारखेच उत्तर देणे यांत अंतर आहे. खाते क्रमांक, गावांचे संकेत, पावत्यांचे क्रमांक या साऱ्यांसाठी आता मी हीच व्यवस्था ठेवली आहे. केवळ नावांच्या रकान्यांना आयसीयूची मराठी आणि कन्नड कोलेशने दिली आहेत. उद्या आयसीयूची आवृत्ती बदलली, तर पुन्हा बांधावे लागणारे इंडेक्स दोनच असतील.

त्यातच १८ व्या आवृत्तीने एक जुनी अडचण दूर केली. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातील ऱ हे एकसंध अक्षर म्हणून साठवता येते किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही साठवता येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण डेटाबेस बाइट मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ती दोन वेगळी माणसे ठरतात. अशी रूपे एकच मानणारे कोलेशन १२ व्या आवृत्तीपासून बनवता येत होते. मात्र ते लावलेल्या रकान्यात नावाच्या तुकड्यावरून शोध घेता येत नसे, आणि काउंटरवरचा क्लार्क तर नेहमी पहिली तीन-चार अक्षरे टाकूनच शोधतो. १८ व्या आवृत्तीत तो शोध चालतो. जुन्या टंकलेखनातील र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसरा प्रकार मात्र यात बसत नाही, म्हणून तो आम्ही डेटा आत घेतानाच बदलून घेतला.

दुसरा उपयोग लगेच दिसला तो खाते शोधताना. आमचा इंडेक्स आधी शाखा आणि मग खाते क्रमांक असा आहे. शाखा न सांगता केवळ क्रमांक विचारला, की पूर्वी त्याचा नीट उपयोग होत नसे. आता डेटाबेस सहाही शाखांच्या भागांत उडी मारत नेमका क्रमांक गाठू शकतो. शाखा मोजक्या असल्यामुळे ही युक्ती आम्हाला अगदी लागू पडते. ठेवींच्या व्याजदरांच्या मुदती एकमेकींवर चढू नयेत, असा नियमही आता तक्त्यातील प्रत्येक नोंद वेगळी ठेवणाऱ्या मुख्य कळीतच (प्रायमरी की) घालता येतो. ते काम मी पुढच्या महिन्यावर ठेवले आहे.

प्रत्यक्ष बदल करताना मी जागच्या जागी आवृत्ती वाढवणारे साधन वापरले नाही. ते जुन्या डेटाबेसचीच मूळ क्रमवारी नव्यात कायम ठेवते आणि मला तर तीच बदलायची होती. शनिवारी रात्री सगळा डेटा काढून घेतला आणि रविवारी नव्या ठिकाणी भरला, त्यामुळे सारे इंडेक्स आपोआप नव्याने बांधले गेले. जागच्या जागी वाढवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : १८ व्या आवृत्तीत पानांची बेरीज-तपासणी सुरुवातीपासूनच चालू असते आणि जुन्या डेटाबेसमध्ये ती बंद असेल, तर ते साधन पुढे जात नाही. एक तर जुना सर्व्हर थांबवून ती तिथे चालू करावी किंवा नवा डेटाबेस तिच्याविना उभारावा. पहिला मार्ग घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो, आणि डिस्कवरचे पान बिघडले तर ते त्याच दिवशी कळलेले बरे. ही तपासणी बिघाड दाखवते, दुरुस्त करत नाही. त्यामुळे बॅकअपला पर्याय नाही.

एका बाबतीत मात्र मन खट्टू होते. मजकुरातील शब्दांचे मूळ रूप ओळखून शोध घेण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. तिच्यात तमिळ आणि नेपाळी आल्या, १४ व्या आवृत्तीत हिंदी आली, या वेळी एस्टोनियनची भर पडली. मराठी आणि कन्नड अजून नाहीत. अर्जात "पाटलांच्या जमिनीवर" असे लिहिले असेल, तर "पाटील" शोधून ते सापडत नाही. आपले सामान्यरूप नियमांत बसवणे कष्टाचे आहे, पण ज्या भाषांसाठी हे झाले, त्यांच्यासाठीही कोणीतरी बसून नियम लिहिलेच होते. व्याकरण जाणणारे आणि संगणक जाणणारे असे दोघे बेळगावात एका टेबलाशी बसले, तर सुरुवात होऊ शकते. त्यासाठी मी माझे रविवार द्यायला तयार आहे.

सोमवारी सकाळी मराठी यादी काढली आणि काशीद, कासार, काळे हा क्रम पेन्सिलीने खूण करत पाहिला. कन्नड यादी आमच्या मुख्य कार्यालयातील लेखनिक बाईंकडे दिली, कारण ती त्यांची मातृभाषा आहे. दुपारपर्यंत त्यांनी चार पाने वाचून दोन नावांपुढे खूण केली होती. दोन्ही ठिकाणी क्रम बरोबर होता, नावेच टंकताना चुकली होती, आणि ती त्यांनी मूळ अर्जांवरून तिथेच दुरुस्त केली.