पेपर सोपा होता

शनिवार, रात्री सव्वाआठ

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपला, असा नियम. ठाण्यात श्रावणात ताऱ्यांची वाट बघत बसले तर बुधवारपर्यंत संपायचा नाही. म्हणून घड्याळात आठ वाजू दिले आणि मग वही काढली.

आज थोरली शाळेत गेली नाही. गणिताची चाचणी होती. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी मी तिला पाठवलं, स्वतः डबा भरून दिला, आणि दिवसभर घरात मांजरासारखी येरझाऱ्या घालत होते. या वेळी आधीच अर्ज दिला. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, सोमवारी वेगळा पेपर देतो म्हणाल्या. पण जाता जाता विचारलंच, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चनांपैकीच ना?" 2016 साली राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, पण प्रवेशाच्या फॉर्मवर मी अजून 'इतर'वरच खूण करते. ज्यू, त्यातही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, असं सगळं बाईंना सांगितलं. आडनावाला 'कर' आहे आणि बोलणं असं मराठी, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. त्यात त्यांचा काय दोष.

खरं तर या सगळ्याला सुरुवात मंगळवारी झाली.

धाकटा शेजारच्या काकूंकडे जेवला. काकू सीकेपी, हाताला चव अशी की जिन्यात वास आला तरी भूक लागते. घरी येऊन म्हणतो, "खिचडी होती आई, त्यात काहीतरी चिवट चिवट होतं, मस्त होतं." मी विचारलं, काय होतं? "सोडे." सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आमच्या घरात तो शब्दच उच्चारला जात नाही. खवले आणि पर असलेला मासा आपला, बाकीचा नाही, एवढं मी पोरांना शिकवलं होतं. पण खिचडीत पडलेल्या सोड्याचे खवले कोण शोधणार!

मी रागावले नाही. उगाच कशाला. पण त्याने जे विचारलं ते डोक्यातून जाईना. "मला माहीतच नव्हतं, तर देवाला कसं चालत नाही?" काकूंना नंतर कळलं तेव्हा त्या माझ्यापेक्षा जास्त कळवळल्या. "अगं, आधी सांगायचंस ना!" खरंच, नऊ वर्षं शेजारी राहून मी सांगितलं नव्हतं. चिंबोऱ्या आल्या की नुसतं "आज पोट बरं नाही" म्हणायचे. देव मानायचा आणि तो शेजाऱ्यांपासून लपवायचा, ही माझीच सवय. पोरांनी कुठून शिकायचं मग?

त्या रात्री दोघांना रहाबीची गोष्ट सांगितली. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. मग कित्येक पिढ्या कोकणात तेलाच्या घाण्या चालवल्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले. पुढे कधीतरी दाविद रहाबी नावाचा माणूस आला. हे लोक यहुदी आहेत की नाहीत, हे त्याला कळेना. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवल्यांची मासळी एका बाजूला केली, बाकीची दुसऱ्या बाजूला सारली. त्याला ओळख पटली.

खरं खोटं देव जाणे, इतिहासकार वेगवेगळं सांगतात. मला मात्र ही गोष्ट आवडते, कारण परीक्षा स्वयंपाकघरात झाली. प्रार्थनेपैकी त्या लोकांजवळ एक शेमा उरला होता. बारसं असो की मयत, तोच म्हणायचा. बाकी सगळं बायकांच्या हातात. सणांची नावंसुद्धा बघा: खिरीचा सण, बिरड्याचा सण. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस, आणि माझी आजी त्याला बिरड्याचा सण म्हणायची, केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढायची. आजीला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मला येतं, अडखळत. आजीइतकी खात्री मात्र मला नाही, हेही आज लिहून ठेवते.

गुरुवारी धाकट्याला घेऊन बाजारात गेले. जिताड्याच्या पाटीपाशी तो उकिडवा बसला आणि बोटाने उलटं घासून बघायला लागला. कोळीण म्हणाली, "काय बगतंस रं पोरा? खवलं मी काडून देते ना!" आणि खसाखसा काढायलाच घेतले. हा ओरडला, "नको नको, राहू द्या!" शेवटी खवल्यांसकट मासा घरी आला आणि दोन तास मोरी घासायला मी.

काल संध्याकाळी दिवा लावला. आजीचा काचेचा पेला आहे, खाली पाणी, वर तेल, त्यात तरंगती वात. काळ्या मनुका भिजवून सरबत केलं होतं. शेमा म्हणताना डोळ्यांवर हात ठेवायचा असतो, थोरली बोटांच्या फटीतून बघत होती, मी आहे का खरंच डोळे मिटून. मीही बघतच होते. मग हातबोशी केली, हातात हात घेऊन आपापली बोटं ओठांना लावली. तिचा हात सैल होता.

एकेकाळी आम्ही वीसेक हजार होतो. 1948 नंतर बोटी भरभरून लोक इस्राएलला गेले, माझे दोन मामाही गेले. आता साऱ्या देशात पाच हजारही नसू. मामा फोनवर दर वेळी तेच म्हणतात, इकडे या, तिकडे शनिवारी अख्खा देशच बंद असतो, अर्ज करावा लागत नाही. असेल. पण मला पोरं इथंच वाढवायची आहेत, या भाषेत, आणि शनिवारचा घाणा बंद ठेवून. आणि काकूंनाही आता सरळ सांगायचं, पोट बरं नसल्याची थाप नाही.

दिवसभर थोरली माझ्याशी मोजकंच बोलली. पुस्तक घेऊन गॅलरीत बसली होती, पावसाचे शिंतोडे येत होते तरी आत आली नाही. मी दोनदा हाक मारली, मग सोडून दिलं.

आत्ता आठ वाजल्यावर तिने मैत्रिणीला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं. फोन ठेवून दारात येऊन उभी राहिली.

"पेपर सोपा होता म्हणे," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.