सिंहगड, कात्रज-सिंहगड, राजगड-तोरणा: सॅकमध्ये काय आणि किती?

या हिवाळ्यात आमच्या गटाने पुण्याजवळच्या तीन वाटा केल्या. तिन्ही वेळा सॅक वेगळी भरली, आणि माझं मत पक्कं झालं: सामान किलोमीटर मोजून ठरवू नये. वाटेत पाणी कुठे मिळेल आणि अंधारात किती चालायचंय, हे आधी बघावं.

आतकरवाडीतून सिंहगडाला फार विचार नको. लिटरभर पाणी, टोपी, चांगल्या पकडीचे बूट. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, डबा घरीच राहू द्या.

कात्रज-सिंहगड मात्र हलक्यात घेऊ नका. रात्रभर एकामागून एक टेकड्या चढायच्या-उतरायच्या आणि वाटेत पाणी नाही. माणशी तीन लिटर घ्याच. म्हणजे पाठीवर तीन किलो नुसतं पाणी, म्हणून बाकी सगळं छाटायचं: जाडजूड जॅकेटऐवजी विंडचीटर, डब्याऐवजी दशम्या, चिक्की आणि इलेक्ट्रॉलची पुडी. हेडटॉर्च, म्हणजे डोक्याला बांधायची बॅटरी, मात्र प्रत्येकाची स्वतःची हवी, जादा सेलसकट. उतारांवर मुरमाचा घसारा आहे, तिथे कधी हात टेकावा लागतो. एका हातात मोबाइल धरून ते जमत नाही, आणि नवख्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

राजगड-तोरण्याच्या आदल्या रात्री राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात एका घरी राहिलो. जेवण-अंथरूण तिथेच मिळाल्याने तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग काहीच लागलं नाही. दोन दिवसांचा बेत पंचवीस-तीस लिटरच्या सॅकमध्ये मावला. पहाटे चोरदरवाज्याने राजगडाच्या पद्मावती माचीवर गेलो आणि तिथल्या टाक्यावर सगळ्या बाटल्या भरल्या. क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवा. राजगडाची संजीवनी माची उतरल्यावर तोरण्यापर्यंतच्या उघड्या धारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. दुपारचं ऊन तिथेच गाठतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. कमरेचा पट्टा घट्ट आवळा, म्हणजे वजन खांद्यांवरून उतरतं. सॅकबाहेर मॅट, बाटली, काहीही लटकवू नका: तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना कातळाला अडकलं तर तोल जातो. दोन्ही हात मोकळे ठेवा.

तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायला बहुतेकांना संध्याकाळ होते. परतीच्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि हेडटॉर्च या वाटेलाही घ्या, दिवसाची असली तरी.