चालत्या मोटरहोममध्ये घरगुती फ्रीजला वीज: माझा अनुभव

फिनिक्समध्ये राहणाऱ्या आमच्या कुटुंबाकडे पेट्रोलवर चालणारे एक जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, आहे. त्यात मुळात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या चक्रावर चालणारा फ्रीज होता. अशा फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. प्रोपेन गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर त्यातले द्रावण तापवतो आणि त्या उष्णतेच्या जोरावरच आतला कप्पा थंड होतो. गाडी बऱ्यापैकी समपातळीत उभी असावी लागते, आणि ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या पुढे गेला की हा फ्रीज हमखास मागे पडतो. शिवाय चालत्या गाडीत ज्योत पेटती ठेवणे मला कधीच पटले नाही. पेट्रोल भरताना ती विझवावी लागते आणि काही बोगद्यांमध्ये व फेरीबोटींवर प्रोपेन वापरण्यास किंवा नेण्यास मनाई असते. त्यामुळे तो फ्रीज थकला तेव्हा त्याच्या जागी स्वयंपाकघरात असतो तसा साधा घरगुती फ्रीज बसवायचे आम्ही ठरवले.

घरगुती फ्रीजला १२० व्होल्टची एसी वीज लागते. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, ती गाडी जोडण्यासाठी असलेल्या विजेच्या खांबावरून मिळते; प्रश्न असतो तो रस्त्यावरचा. ह्यूस्टनला माझे दीर राहतात आणि इंटरस्टेट १० वरून तिथपर्यंतचा प्रवास साडेअकराशे मैलांहून अधिक आहे. सासूबाई सोबत असतात आणि त्यांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांदरम्यान ठेवावे लागते. "अगं, दूध नासलं तर वाटेत दुसरं घेऊ, पण माझ्या इंजेक्शनांचं काय?" असे त्यांनी विचारले, आणि फ्रीज चालू ठेवणे ही या कामातली पहिली अट झाली.

काही न करणे हाही एक पर्याय आहे, आणि तो तुच्छ नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे वीज गेल्यावर दार बंद ठेवल्यास फ्रीज सुमारे ४ तास पुरेसा थंड राहतो आणि पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास टिकतो. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफपर्यंत जेमतेम दीडशे मैल जाणाऱ्याने यासाठी एक पैसाही खर्च करू नये, असेच मी सांगेन. आमच्यासारखे दिवसाला सात-आठ तास गाडी चालवणारे, आणि वाटेत जेवणासाठी दार उघडणारे, यांचे मात्र त्यावर भागत नाही. दुसरा पर्याय जनरेटरचा. ४ किलोवॅटचा जनरेटर हलक्या भारावरही तासाला सुमारे अर्धा गॅलन पेट्रोल पितो, आणि शंभर वॅटच्या यंत्रासाठी दिवसभर तो धडधडत ठेवणे मला अन्यायाचे वाटते. भर उन्हाळ्यात छतावरचा एसी चालवण्यासाठी जनरेटर लावावाच लागतो, तेव्हा फ्रीजही त्यावर चालतो, ही गोष्ट वेगळी.

राहिला मार्ग बॅटरी आणि इन्व्हर्टरचा. त्यातले काहीही विकत घेण्याआधी फ्रीज नेमकी किती वीज खातो हे मोजायचे मी ठरवले. नवा फ्रीज गॅरेजमध्ये उभा करून, त्याच्या प्लगखाली वॅट-मीटर लावून मी दिवस-रात्र नोंदी ठेवल्या. कॉम्प्रेसर चालू असताना मीटरवर शंभर-एकशेदहा वॅट दिसत आणि चोवीस तासांत सुमारे १.३ युनिट वीज लागे. एका रात्री मी नोंद घ्यायला गेले तेव्हा कॉम्प्रेसरचा आवाज पूर्ण थांबलेला होता आणि मीटरवर मात्र साडेचारशे वॅट दिसत होते. तो डीफ्रॉस्टचा हीटर होता. बिनबर्फाच्या फ्रीजमध्ये बाष्पकावर, म्हणजे आतल्या थंड होणाऱ्या नळ्यांवर, साठलेले हिम वितळवण्यासाठी तो अधूनमधून अर्धा तासभर लागतो, आणि फ्रीजच्या पाटीवरचा सरासरी वापर वाचून हिशेब करणाऱ्याच्या तो ध्यानातच येत नाही. इन्व्हर्टरची निवड माझ्या मते या आकड्यावर करावी, सरासरीवर नव्हे. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हजार-दीड हजार वॅटही ओढतो. आमचा फ्रीज वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरचा असल्यामुळे तो झटका आम्हाला जवळजवळ नव्हता.

गॅरेजमधली सरासरी चोपन्न वॅट निघाली, परंतु उन्हात धावणाऱ्या गाडीचा मागचा भाग समोरच्या एसीने पुरेसा थंड होत नाही, म्हणून मी ऐंशी धरली. आठ तासांचे ६४० वॅट-तास झाले. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे दहा-बारा टक्के आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा पंधराएक वॅटचा खर्च मिळवून ते ८५० च्या आसपास गेले. १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून हे सुमारे ६६ अँपिअर-तास होतात. हा आकडा हातात आल्यावर बाकीचे निर्णय सोपे झाले. दुकानदाराने सुचवलेला ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर आम्ही नाकारला, कारण मोठा इन्व्हर्टर रिकामा असतानाही जास्त वीज खातो. त्याऐवजी फक्त फ्रीजसाठी १२०० वॅटचा, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरातल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घेतला. मॉडिफाइड साइन वेव्हचा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा, स्वस्त मिळतो. त्यावर मोटर जास्त तापते आणि फ्रीजमधले इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडण्याची भीती राहते, म्हणून ती काटकसर करू नये.

बॅटरीबाबत मी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २०० अँपिअर-तासांची निवडली. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी असा दंडक आहे. इथे जवळजवळ सगळी, म्हणजे अडीच युनिट वीज वापरता येते. मात्र शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करता येत नाही, आणि फ्लॅगस्टाफच्या हिवाळ्यात तशी वेळ येते. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आत, पलंगाखाली बसवली.

खरे कष्ट पडले ते इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरपाशी. चालत्या गाडीत वीज तयार करणारा तोच असतो, पण जुन्या रचनेत त्याच्यापासून गाडीच्या राहत्या भागाच्या बॅटरीपर्यंत एक रिले (आपोआप उघडमीट होणारा स्विच) आणि एक बारीक तार एवढेच असते. शिशाच्या बॅटरीला ते पुरते, कारण ती भरत आली की स्वतःच कमी प्रवाह घेते. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्यामुळे ती मिळेल तेवढा प्रवाह शंभर-शंभर अँपिअरने शेवटपर्यंत ओढत राहते. आमच्या अल्टरनेटरच्या पाटीवर १७५ अँपिअर लिहिलेले आहे, परंतु तो आकडा इंजिन चांगल्या वेगात फिरत असतानाचा. वाहतूक तुंबून गाडी जागेवर उभी राहिली की अल्टरनेटरची क्षमता घटते, त्याचा पंखाही मंदावतो आणि गुंडाळी जळण्याचा धोका उभा राहतो. त्यात भर म्हणजे लिथियम बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किटने चार्जिंग चालू असताना एकाएकी संबंध तोडला, तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

यावर उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी चार्जर. तो इंजिनाची स्टार्टर बॅटरी आणि राहत्या भागाची लिथियम बॅटरी या दोन्हींच्या मध्ये बसतो, अल्टरनेटरकडून ठरावीक मर्यादेतच प्रवाह घेतो आणि लिथियमला हवे ते व्होल्टेज स्वतः तयार करतो. आम्ही ४० अँपिअरचा घेतला. तो अल्टरनेटरकडून पंचेचाळीस ते पन्नास अँपिअर ओढतो. दिवे, इंजिनाचे पंखे आणि समोरचा एसी धरूनही अल्टरनेटर निम्म्याच्या थोडा वर राहतो. इंजिन बंद असताना चार्जरने स्टार्टरची बॅटरी रिकामी करू नये म्हणून इग्निशनची एक बारीक तार त्याला जोडलेली आहे. इंजिन पुढे आणि पलंग मागे असल्याने केबल जाऊन-येऊन चाळीस फूट झाली. २ गेजची केबल वापरल्यावर एवढ्या लांबीत पन्नास अँपिअरला व्होल्टेजची घट सुमारे एक तृतीयांश व्होल्टपर्यंत राहिली. अमेरिकन गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे नवख्याने लक्षात ठेवावे. या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवेत. एकाच बाजूला फ्यूज लावलेली कामे मी पाहिली आहेत आणि ती मला धोक्याची वाटतात. इन्व्हर्टरची केबल मुद्दाम पाच फुटांच्या आत ठेवली, कारण १२०० वॅटला १२ व्होल्टवर ११० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि बॅटरीच्या अगदी जवळ क्लास-टी, म्हणजे फार मोठा प्रवाहही तोडू शकणारा, फ्यूज बसवला. लिथियमचा शॉर्ट सर्किट प्रवाह इतका प्रचंड असतो की साधा फ्यूज वितळूनही आतली ठिणगी विझत नाही.

१२० व्होल्टच्या एसी विजेचे काम आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले. मोटरहोमसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत ५५१ क्रमांकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडण्याची जागा एका वेळी एकच असावी, हा त्यातला कळीचा मुद्दा. खांबावरची वीज असताना ही जोडणी बाहेर, पुरवठ्याच्या बाजूला असते. इन्व्हर्टर चालू असताना ती इन्व्हर्टरमध्ये व्हावी लागते आणि बाहेरची वीज येताच आपोआप सुटावी लागते. आमच्या इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफर स्विच (एका स्रोतावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) अंगचाच आहे आणि तो हे काम करतो. खांब, जनरेटर किंवा बॅटरी यांपैकी काय चालू आहे याचा फ्रीजला पत्ता लागत नाही.

बसवण्याचे काम थोडक्यात सांगते. प्रोपेनची जुनी नळी प्रमाणित तंत्रज्ञाकडून बंद करून गळतीची चाचणी घेतली, छतावरचे आणि बाजूचे जुने झरोके इन्सुलेशन भरून बुजवले. फ्रीजच्या बाजूच्या पत्र्यात स्क्रू अजिबात मारू नये. आजकालच्या फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्याच पत्र्याच्या आत असतात आणि बऱ्याच फ्रीजमधला आर-६००ए वायू ज्वलनशील असतो. आम्ही तळाला ब्रॅकेट आणि वर पट्टा लावला, बाजूंना हवेसाठी फट ठेवली आणि दारांना प्रवासापुरती कडी बसवली.

ह्यूस्टनच्या पहिल्या प्रवासात माझे पती गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून बॅटरी मॉनिटर व फ्रीजमधल्या बिनतारी थर्मामीटरचे आकडे लिहून घेत होते. एल पासोच्या अलीकडे मागच्या भागात ३६ अंश होते आणि फ्रीजमध्ये ४. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीत २९ अँपिअरच्या आसपास जमा होत होते. डीफ्रॉस्टचा हीटर लागला की जमा जवळजवळ शून्यावर येई, पण उणे होत नसे. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती. विजेचा खांब नसलेल्या जागी रात्र काढल्यावर सकाळी ती निम्म्याहून थोडी जास्त शिल्लक राहते आणि दुपारपर्यंतच्या प्रवासात पुन्हा भरते.

इन्सुलिन दारातल्या कप्प्यात ठेवतो, कारण मागच्या भिंतीला टेकलेली वस्तू गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. एकाच जागी, विजेच्या खांबाविना दोन-तीन दिवस राहायचे झाल्यास ही व्यवस्था पुरणार नाही. त्यासाठी छतावर सोलर पॅनल लावायचे आहेत आणि त्याची मापे घेणे सध्या चालू आहे.