हस्त लागला, पावसाळी वाफे मोडायला घेतले: वाडीचं अपडेट

मंडळी, हस्त लागला, पावसानं जरा उघडीप दिली म्हणून वाडीचं अपडेट टाकून राहिलो. नवीन लोकांसाठी सांगतो, आपलं गाव हिंगणघाटकडचं, माती काळी अन् भारी, पाणी पिली की फुगते अन् मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत बियाणं कोणतं घ्यावं याच्या आधी वाफा कसा घालावा हे ठरवा, हे माझं पक्कं मत आहे. पावसाळ्यात गादीवाफा, हिवाळ्यात सपाट वाफा, उन्हाळ्यात खोलगट आळं, जागा तीच पण आकार वर्षातून तीनदा बदलायचा.

यंदा मृगाच्या आधीच वीतभर उंच गादीवाफे करून ठेवले, दोन्हीकडून चर काढून पाणी खाली केळीकडं सोडलं. आर्द्रात झड लागली तेव्हा फरक डोळ्यानं दिसला, सपाट जागेत आपोआप उगवलेली मिरची पिवळी पडून बसली कारण पाणी साचलं की या मातीत मुळाला हवाच मिळत नाही, अन् गादीवरची भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा) मस्त उभी. भेंडी पोळ्यापर्यंत रोज तोडली. दोडके, कारले मांडवावर, मांडवाला बांबू अन् मागच्या वर्षीच्या तुराट्या. वेलाला आधी नुसती नर फुलं येतात अन् गळतात, त्यात काही बिघडलेलं नसते, ज्या फुलामागं बारकं दोडकं दिसते ते मादी, ते मागून येते.

आता पोपटाच्या शेंगांबद्दल, म्हणजे देशी वालाबद्दल, बरेच जण विचारून राहिले की वेल एवढा पसरला पण फुलाचा पत्ता नाही. देशी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. आपल्याकडं जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो, डिसेंबरात 11 च्या आसपास येतो, अन् वाल ते बरोबर ओळखतो. म्हणून ऑगस्टात फुलासाठी युरिया टाकू नका, नुसता पाला वाढतो. माझ्या वेलावर आता कळ्या दिसायला लागल्या, थंडीत शेंगा भरपूर येतील. अंबाडीचंही असंच, म्हणून तिचा पाला आधी पोटभर खाऊन घ्यायचा.

सध्याचं काम म्हणजे गाद्या मोडून शेणखत मिसळून सपाट वाफे करणं, पण वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती जरा सुकून भुरभुरीत झाल्याशिवाय, फावडं लावू नका, ओली काळी माती उकरली की अशी ढेकळं होतात की हिवाळाभर फुटत नाहीत. मग सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक, मुळा, सगळं एकदम नाही तर दर 10-15 दिवसांनी थोडं थोडं. धणे हलके रगडून दोन फाका करून टाका, एका धण्यात दोन बिया असतात. लसणाच्या पाकळ्या याच महिन्यात. भेदऱ्याची (टोमॅटोची) रोपं वाफ्यात टाकलीत, 25-30 दिवसांची झाली की हलवणार, उशीर नको, कारण मार्चमध्ये ऊन पस्तिशीच्या वर गेलं की फूल धरत नाही, गळून जाते.

ढगाळ वातावरणात बरबटीवर मावा आला होता, जूनमध्ये वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या कामी आल्या, 50 ग्रॅम कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून संध्याकाळी फवारायचं, पानाच्या खालून विसरू नका, मावा तिथंच बसते.

हळद वायगावची, अक्षय तृतीयेला लावली होती, पानं अजून हिरवीगार आहेत, जानेवारीत पूर्ण वाळली की खणणार, तेव्हा फोटो टाकतो.

अन् कोणाकडं चिवळीच्या भाजीचं खात्रीचं बी असेल तर सांगा रे, उन्हाळ्याच्या आळ्यांसाठी आतापासून जमवून राहिलो, बदल्यात देशी वालाचं बी देतो.